मी जातंय, मी जातंव, मी जातो : बोलींबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की कोकणात कुठेही गाडी थांबवून रस्ता विचारा, समोरच्याच्या पहिल्या दोन वाक्यांत तालुका कळतो आणि कान तयार असेल तर वाडीसुद्धा. त्यावर इतके मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून कुणाचंच छापलं नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : ताई, मी संगमेश्वर तालुक्यातला, कुणबी घरातला. इंजिनीअरिंग करून पुण्यात नोकरी करतो. टीममध्ये सगळे मराठी आहेत पण मी ‘पानी’ म्हटलं की एकजण दरवेळी ‘पाणी रे, पाणी’ करतो आणि बाकीचे हसतात. आता मी ऑफिसात मराठी बोलायचंच सोडलंय, सरळ इंग्लिशमध्ये बोलतो. माझं मराठी खरंच अशुद्ध आहे का?

नाही. हे आधी स्पष्ट सांगते आणि मग कारण सांगते.

‘पानी’ मध्ये चुकीचं असं काय आहे ते बघू. हिंदीत ‘पानी’ म्हणतात, तिथे तोच प्रमाण उच्चार आहे, कुणी हसत नाही. गुजरातीत ‘पाणी’ आहे. म्हणजे ‘न’ मध्ये अडाणीपणा आणि ‘ण’ मध्ये हुशारी असं काही भरलेलं नसतं. तुमच्या घरच्या बोलीत ‘ण’ च्या जागी ‘न’ येतो, आणि तो कधीतरी जीभ घसरली म्हणून येत नाही, दरवेळी येतो: पानी, लोनी, आनि, कोन. रायगडातल्या आगरी आणि कोळी बोलीत पण हेच होतं, शिवाय तिथे ‘ळ’ चा ‘ल’ होतो, डोळ्याचा डोला आणि काळ्याचा काला. जे इतकं नियमाने घडतं त्याला चूक कसं म्हणणार, त्याला त्या बोलीचं व्याकरणच म्हणायला हवं. चूक कशी असते सांगू का, हसण्याची धास्ती घेतलेला माणूस मग नको तिथे पण ‘ण’ घालायला लागतो, ‘मन’ चं ‘मण’ करतो. ती चूक बोलीने केलेली नसते, भीतीने केलेली असते.

मग पुण्याचं प्रमाण कुठून आलं? पेशवाई १८१८ मध्ये संपली, इंग्रजांना राज्य चालवायला, शाळा काढायला, पुस्तकं छापायला एक ठराविक मराठी हवं होतं. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ मध्ये. पुण्याकडच्या शिकलेल्या, मुख्यतः ब्राह्मण घरांतलं बोलणं-लिहिणं त्या वेळी राज्यकारभारात आणि पाठशाळांत होतं, त्यामुळे पुस्तकांत आणि शाळेत तेच गेलं आणि बाकीच्या बोली बाहेर राहिल्या. सत्ता दुसरीकडे असती तर आज शाळेत दुसरंच काहीतरी ‘शुद्ध’ म्हणून शिकवलं असतं. आणि एक गोष्ट तर पुण्यात बसून तुम्ही नक्की लक्षात ठेवा: बाळाजी विश्वनाथ भट १७१३ मध्ये पेशवे झाले ते श्रीवर्धनचे. त्यांच्या मागोमाग कोकणातून किती घरं घाट चढून गेली, आणि त्या चित्पावन घरांची स्वतःची नाकातली, अनुस्वारांनी भरलेली बोली होती जी पुढे घाटावर विरून गेली. ज्यांच्या बोलण्याचं प्रमाण झालं त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे आजे-पणजे घरात वेगळंच बोलत होते.

हसण्याचं कारण उच्चारात नसतंच, उच्चारावरून माणसाची जागा ठरवली जाते. हे अमेरिकेत विल्यम लाबॉव्ह नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने फार साध्या युक्तीने दाखवलं. न्यूयॉर्कमध्ये १९६२ साली तो तीन दुकानांत गेला, सॅक्स हे श्रीमंतांचं, मेसीज मध्यमवर्गाचं, एस. क्लाइन स्वस्तातलं. प्रत्येक ठिकाणी विक्रेत्यांना अशी वस्तू विचारायची की उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ यावं, मग ऐकू आलं नाही असं दाखवून परत विचारायचं. त्या शहरात शब्दातला ‘र’ उच्चारणं तेव्हा प्रतिष्ठेचं होत चाललं होतं. सॅक्समध्ये ६२ टक्के लोकांनी थोडातरी ‘र’ उच्चारला, मेसीजमध्ये ५१, क्लाइनमध्ये फक्त २०. सगळे विक्रेतेच, पण समोर कुठलं गिऱ्हाईक येतं त्याप्रमाणे जीभ वळलेली. आणि याच शहरातून पलीकडे इंग्लंडमध्ये गेलात तर तिथल्या प्रतिष्ठित इंग्लिशमध्ये हाच ‘र’ गाळतात! एकाच आवाजाचा मान समुद्र ओलांडला की उलटा होतो.

एक माझी आठवण सांगते, ती मला अजून बोचते. रत्नागिरी जिल्ह्यात मी शाळेत शिकवत होते तेव्हा सातवीतली एक मुलगी वाचताना ‘विस्तव’ ला ‘इस्तव’ म्हणाली. कुणब्यांच्या बोलण्यात इ-ई च्या आधीचा ‘व’ जातो, वीसचं ईस होतं, विचारलंचं इचारलं. मला तेव्हा हे माहीत नव्हतं, मी सगळ्या वर्गासमोर तिला तीन वेळा म्हणायला लावलं. तिने ते म्हटलं आणि नंतर वर्षभर ती वर्गात एकदाही स्वतःहून बोलली नाही. तुमचं ‘मराठी बोलायचंच सोडलंय’ वाचलं आणि तीच आठवली.

आता करायचं काय. प्रमाण मराठी तुम्हाला येतं, हा मेसेजच तुम्ही त्यात लिहिलाय. अर्ज, प्रेझेंटेशन, मुलाखत तिथे ते वापरा, ती एक कामाची गोष्ट आहे, इस्त्रीचा शर्ट घालतो तशी. पण चहाच्या टपरीवर कुणी दुरुस्त करायला लागलं तर शांतपणे सांगा की आमच्याकडे असंच म्हणतात, तुला अर्थ कळला ना. दोनदा सांगावं लागेल, तिसऱ्यांदा नाही लागत बहुतेक. आणि इंग्लिशमागे लपू नका, तिथे पण कुणीतरी तुमचा हेल ऐकून हसणारा भेटणारच.

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यातले, माका-तुका म्हणणारे. बहीण राजापूर तालुक्यात दिलीय, तिच्या सासरी मधलंच काहीतरी बोलतात. मालवणी नक्की कुठून सुरू होते? आणि दर बारा कोसांवर भाषा बदलते हे खरं आहे का?

तुमच्या बहिणीचं सासर म्हणजे बोलीच्या अभ्यासकाला हवी तशी जागा आहे!

मालवणी ‘इथून’ सुरू होते अशी पाटी लावता येत नाही कारण प्रत्येक शब्दाची, प्रत्येक रूपाची रेघ वेगळी असते. ‘माका’ संपून ‘मला’ कुठे सुरू होतं ती एक रेघ, ‘तो इलो’ जाऊन ‘तो आला’ कुठे होतं ती दुसरी, ‘मी जातंय’ चं संगमेश्वरीत ‘मी जातंव’ होतं ती तिसरी, ‘खय’ आणि ‘कुठं’ ची चौथी. या रेघा एकमेकींवर बसत नाहीत, पण काही ठिकाणी जवळजवळ येतात आणि तिथे आपल्याला वाटतं की भाषा बदलली. राजापूर आणि देवगडच्या मधे, वाघोटन खाडीच्या आजूबाजूला, खारेपाटणकडे हे असंच होतं. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला तेव्हापासून लोकांना वाटतं जिल्ह्याची हद्द तीच बोलीची हद्द, पण ‘माका-मला’ ची सरमिसळ जिल्ह्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे.

बारा कोस म्हणजे ढोबळ पस्तीस-चाळीस किलोमीटर. म्हण खरी आहे पण देशावर जशी खरी तशी कोकणात नाही, इथे अंतर कोसात मोजून उपयोग नाही, खाडीत मोजावं लागतं. पूल होण्याआधी पलीकडच्या गावात जायचं म्हणजे तरीत, खाडी ओलांडणाऱ्या होडीत बसायचं, भरतीची वेळ बघायची. मुली कुठे द्यायच्या, बाजार कुठे करायचा, जत्रेला कुठे जायचं हे सगळं त्यावर ठरायचं, आणि ज्यांच्याशी सोयरिक आणि बाजार त्यांच्यासारखं माणूस बोलतो, हे बोलीचं सगळ्यात साधं गणित. पण खाडी नुसती तोडत नाही, जोडते पण. गलबतं खाडीतून आत राजापूर, खारेपाटण, चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जायची, म्हणजे एका खाडीच्या वरच्या आणि खालच्या गावांचं येणंजाणं जास्त आणि शेजारच्या खाडीशी कमी. तसंच बाणकोटची खाडी ओलांडून रायगडात वर सरकत गेलं की हळूहळू आगरी-कोळी वळण लागतं, ‘मला’ चं ‘मना’ ऐकू येतं. पूर्वेला तर सह्याद्रीच उभा, घाट उतरलेला माणूस इथे दोन शब्दांत ओळखला जातो.

आणि खाडीपेक्षा जवळची एक हद्द आहे जिच्याबद्दल आपण मोकळेपणाने बोलत नाही. कोकणातलं गाव म्हणजे वाड्या. बामणवाडी, कुणबीवाडी, भंडारवाडी, बौद्धवाडी, खाडीच्या तोंडाशी गाबीत किंवा कोळी, एका बाजूला मोहल्ला. मधे एक पऱ्ह्या म्हणजे ओढा, नाहीतर नुसती शेताची मेर, पण सोयरिक आपापल्या समाजात, म्हणजे दहा-पंधरा कोसांवरच्या आपल्या माणसांशी. त्यामुळे एका वाडीचं बोलणं शेजारच्या वाडीपेक्षा लांबच्या गावातल्या आपल्या समाजाशी जास्त जुळतं असं दिसतं. इंग्रजांच्या काळात ग्रिअर्सनने केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला, त्यात बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट बोलीबोलीत लिहून घेतलीय, आणि कोकणातल्या नमुन्यांची नावं बघा: संगमेश्वरी, बाणकोटी, कुडाळी ही जागेवरून, आणि कुणबी, आगरी, कोळी, चित्पावनी ही समाजावरून. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला पण दिसलं होतं की इथे बोली जमिनीवरून आणि जातीवरून, दोन्हींवरून ठरते.

प्रश्न : मालवणी ही मराठीची बोली की कोकणीची? (कुडाळ)

रूपं बघितली तर गोव्याच्या कोकणीला जवळची, ग्रिअर्सनने कुडाळी कोकणीच्या खालीच टाकलीय. शाळा, पेपर, भजन, राजकारण बघितलं तर सिंधुदुर्ग मराठीत आहे. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत गेली, म्हणून हा प्रश्न आता तेरेखोलच्या अलीकडे-पलीकडे वेगवेगळा ऐकू येतो. सातार्ड्याच्या माणसाला पेडण्यात दुभाषा लागत नाही, मला एवढं पुरतं.

प्रश्न : आमचा मोहल्ला दापोली तालुक्यात. घरात आम्ही कोकणीच बोलतो, माझ्या दादीला तर उर्दू धड येत पण नव्हती. पण बाजारात लोक माझ्याशी हिंदीत सुरू होतात, आणि आता आमचीच मुलं म्हणतात की ही गावठी भाषा आहे, उर्दू बोला. माझी भाषा नक्की कुठली?

तुमची भाषा तुम्ही सांगताय तीच, कोकणी मुसलमानांची कोकणी, आणि ती या किनाऱ्यावरच तयार झालीय. वल्हं मारणारे, डोल म्हणजे जाळं ओढणारे, गलबतावर अरबी समुद्र पार करणारे लोक होते तुमचे, त्यामुळे अरबी-फारसी शब्द आले, पण वाक्याची हाडं इथली आहेत. ग्रिअर्सनने दाल्दींची, म्हणजे किनाऱ्यावरच्या मुसलमान मासेमारांची बोली कोकणीसोबतच नोंदवलीय. उर्दू आली ती शाळेतून आणि मदरशातून, ती पण आता तुमचीच आहे, पण ती तुमच्या दादीची नव्हती.

बाजारातला माणूस टोपी बघून हिंदी सुरू करतो तेव्हा त्याने तुमचं बोलणं ऐकलेलंच नसतं. तुम्ही उत्तर कोकणीतच द्या. मुलांचं मात्र मला जास्त लागलं. बाहेरचा म्हणतो तुम्ही इथले वाटत नाही, आणि आतला म्हणतो आपलं बोलणं गावठी, अशी दोन्हीकडून बोली दबते. मुलांना एवढं विचारून बघा की नानी रागावली की कुठल्या भाषेत रागावते, आणि लाड करते ते कुठल्या.

रेवदंड्याजवळ कोर्लईचं उदाहरण त्यांना सांगा. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल सोडून गेले आणि त्या एका गावात ख्रिश्चन घरांमध्ये पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली अजून बोलतात, बोलणारे हजारापेक्षा जास्त नसतील, चहूबाजूंनी मराठी. त्या भाषेला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा.

प्रश्न : मी साताऱ्याची, लग्न होऊन सावंतवाडीजवळ आले. सासूबाई चांगल्या आहेत पण माझ्याबद्दल कुणाशी बोलताना ‘ता इला काय?’, ‘ता जेवला’ असं म्हणतात. मी काय वस्तू आहे का? नवऱ्याला सांगितलं तर तो नुसता हसतो.

अगं, नवऱ्याने हसण्यापेक्षा समजावून सांगायला हवं होतं. ‘ता’ म्हणजे आपलं ‘ते’, नपुंसकलिंग, पण दक्षिण कोकणात आणि गोव्यात लहान मुलीबद्दल, आपल्यापेक्षा धाकट्या बाईबद्दल असं बोलायची रीत आहे. मुलीला शब्दच ‘चेडू’ आहे आणि तो नपुंसकलिंगी. तुमच्याकडे साताऱ्यात ‘पोरगं लय गुणाचं हाय’ म्हणतातच की, त्यात कुणी वस्तू म्हटलं असं वाटत नाही. सासूबाईंनी तुला ‘ता’ म्हणणं म्हणजे घरातल्या लेकीत धरणं. पाहुण्या बाईला त्या ‘ती इली’ म्हणत असतील, जरा कान देऊन ऐक.

असंच दुसरं म्हणजे ‘माझो बापूस इलो’. पुणेरी कानाला वाटतं वडिलांना अरेतुरे केलं, कारण तिकडे आदर अनेकवचनात ठेवलेला असतो, ‘बाबा आले’. मालवणीत आदर क्रियापदात नाही ठेवत, तो वागण्यात आणि आवाजात असतो. दोन-तीन वर्षांत तुझ्या तोंडून पण ‘ता’ येईल बघ, आणि माहेरी गेलीस की तिथले लोक हसतील.

प्रश्न : मालवणात आमचा होमस्टे आहे. मुलगा मुंबईत शिकला, तिथे चांगलं शहरी बोलायचा. परत येऊन धंद्यात लक्ष घातल्यापासून माझ्यापेक्षा जास्त मालवणी बोलतो, मीपण वापरत नाही असे आजोबांचे शब्द काढतो. पर्यटकांसमोर दिखावा चाललाय का?

दिखावा असता तर पर्यटक गेल्यावर थांबला असता. घरात, बोटीवर, मित्रांशी पण तसंच बोलतो का ते बघा. मला वाटतं बोलत असेल.

वर ज्या लाबॉव्हचं सांगितलं त्याचंच याआधीचं काम, १९६१ चं, तुमच्या मालवणला अगदी लागू पडतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. तेव्हा कायमची वस्ती साडेपाच हजारांच्या आसपास आणि उन्हाळ्यात येणारे पाहुणे चाळीस हजारांवर, जागा बाहेरचे विकत घेतायत, मासेमारी आटत चाललेली. त्याला दिसलं की ‘राइट’, ‘हाउस’ अशा शब्दांतले स्वर बेटावरचे काही लोक जुन्या पद्धतीने, तोंड कमी उघडून म्हणतात, आणि त्यात म्हाताऱ्यांपेक्षा मधल्या वयाचे जास्त! सगळ्यात ठळक उच्चार मासेमारांचा, आणि तरुणांमध्ये ज्यांनी बेटावरच राहायचं ठरवलं होतं किंवा बाहेर शिकून परत आले होते त्यांचा. जे निघून जायच्या विचारात होते त्यांच्यात तो नव्हता. मी इथला आहे, हे ते लोक नकळत स्वरातून सांगत होते.

तुमच्या मुलाने परत यायचा निर्णय घेतलाय, तारकर्लीपासून सगळीकडे बाहेरचे पैसे येतायत हे तो रोज बघतोय. तुमच्या पिढीला मुंबईत मालवणी लपवावी लागली होती. गिरणगावात गावाच्या खोल्यांमध्ये, एकेका खोलीत वीस-वीस माणसं असायची तिथे बोली टिकली पण ऑफिसच्या दारात चपलेसारखी काढून ठेवावी लागायची. मग मच्छिंद्र कांबळींनी मालवणी मुंबईच्या रंगभूमीवर नेली, तेव्हा पहिल्यांदा खूप जणांना ती चारचौघांत बोलायचा धीर आला. तरी पण एक गोष्ट मला खटकते, मालवणी म्हणजे हसवायची भाषा असा शिक्का बसला. दशावतारात, म्हणजे आमच्या जत्रेतल्या नाटकात पण बघा, राजाचं काम करणारा आणि देव ग्रांथिक मराठीत बोलणार, आणि मालवणी आली की विनोद आला. मालवणीत कर्जाबद्दल, समुद्राबद्दल, मेलेल्या माणसाबद्दल पण बोलतात. तुमचा मुलगा गिऱ्हाइकाशी हिशोब मालवणीत करतोय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याने काढलेले आजोबांचे शब्द चुकत असतील तर हसू नका, बरोबर काय ते सांगा.

प्रश्न : आमची आजी ८७ वर्षांची, गुहागरकडची. तिच्या माहेरी जुनी चित्पावनी बोलायचे, तिला अजून येते पण आमच्यात कुणाला कळत नाही. आता काय करता येईल? (डोंबिवली)

आजच करा, दिवाळीच्या सुट्टीची वाट बघू नका. फोनचं रेकॉर्डिंग पुरतं, पंखा बंद करा, फोन तिच्याजवळ ठेवा, टेबलावर आपटेल असा नको. ‘आजी, चित्पावनीत काहीतरी बोल’ असं सांगितलं तर ती दोन वाक्यं बोलून थांबेल. त्यापेक्षा फणसाची साठं कशी घालायचे, आगोटीची, म्हणजे पावसाआधीची तयारी काय काय असायची, बाळंतिणीच्या खोलीत काय असायचं हे विचारा आणि मधे बोलू नका. तिच्या वयाचं त्या बोलीतलं दुसरं कुणी असेल तर दोघींना एकत्र बसवा आणि तुम्ही खोलीबाहेर जा, खरी बोली तेव्हा बाहेर येते. मग तिच्याच मदतीने वाक्य-वाक्य थांबवून अर्थ लिहून घ्या, हे कंटाळवाणं आहे पण अर्थाशिवाय रेकॉर्डिंग पुढच्या पिढीला नुसता आवाज राहील.

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, गावोगावच्या माणसांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्यात आणि त्या ऑनलाइन ऐकता येतात. त्या आधी ऐका म्हणजे माणसाला बोलतं कसं करायचं ते कळेल.

फाईलला नाव देताना तारीख, आजीचं वय, शिक्षण, गाव, वाडी लिहा. आणि माहेर वेगळं लिहा, हे लोक विसरतात. बाई लग्न करून येते तेव्हा बोली घेऊन येते, तुमच्या आजीचे काही शब्द गुहागरचे असतील, काही सासरचे, आणि काही तिच्या आईच्या माहेरचे. ते पण विचारून ठेवा.